हर्सूलचं धुकं

माझ्या घरातल्या त्या चित्राची धूळ मी कुणालाच का झटकू देत नाय, ते ऐका.

एम.एफ.ए.च्या शेवटच्या प्रदर्शनासाठी मी हर्सूलच्या तलावावरचं सकाळचं धुकं रंगवलं होतं. सर वर्षभर एकच म्हणत, "धुकं दिसतंय रे, पण हलत नाय." आम्हा पेंटिंगवाल्यांची जुनी खोड, परीक्षेच्या सकाळपर्यंत ब्रश सोडायचा नाय. मीही ऑइल कलर ओला असतानाच चित्र टांगलं.

समोर माझ्याच वर्गातल्या सिल्लोडच्या सलमानं घरच्या कापसाचा मोठा ढग छताला लटकवला होता. मे महिना. बाहेरगावचे परीक्षक घामाघूम होऊन आले, तर कुणीतरी अदबीनं कूलर लावला, तोही फुल्ल.

ढग फुटला. हॉलभर कापूस उडाला आणि माझ्या ओल्या तलावावर जाऊन चिकटला.

"या अल्ला! मेरा भी गया, तेरा भी गया," म्हणत सलमानं धावत जाऊन कूलर बंद केला. मी कापूस काढायला हात पुढं केला, तसा परीक्षकांनी माझा हातच धरला.

ते चित्राच्या अगदी जवळ गेले. त्यांचा श्वास चित्राला लागला आणि तलावावरचे ते बारीक तंतू थरथरले. त्यांनी श्वास रोखला. धुकं थांबलं. श्वास सोडला, परत हललं.

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात सर कानाशी आले.

"हळू बोल रे," ते म्हणाले, "उडून जाईल."