फॉरमॅट मारायचा की अपग्रेड?

...अहो, प्रश्न साधा होता! फॉरमॅट मारायचा की अपग्रेड? बास. पण आमच्या वाल्येवो गावात साध्या प्रश्नाला साधं उत्तर दिलं तर लोक ताप बघायला घरी येतात. कॉम्प्युटर माझा, टेबल माझं, वीज माझी, आणि मत? मत अख्ख्या गल्लीचं!

झालं असं, तो सुरू व्हायलाच इतका वेळ घ्यायला लागला, की मी बटण दाबायचो, कॉफी उकळायचो, प्यायचो, कप विसळून ठेवायचो, तरी पडद्यावर आपलं गोल गोल फिरतंय! म्हणून बोलावलं टिहोमिरला. टिहोमिर माझा कूम, म्हणजे माझ्या लग्नातला साक्षीदार. भावाशी भांडा, सासऱ्याशी भांडा, पण कूमला नाही म्हणायचं नसतं. त्यानं पाहिलं आणि डॉक्टरसारखं तोंड केलं. "मिओद्रागा, नुसता कचरा साचलाय रे! फॉरमॅट मारू. सगळं पुसून नवीन टाकू, लखलखीत!"

मी म्हटलं, "अपग्रेड कर."

"अरे, अपग्रेड म्हणजे कचऱ्यावर रंग!"

"आपल्याकडे जुनं घर पाडतं का कुणी? पोराचं लग्न ठरलं की वर मजला चढवतात. तसं चढव."

"तुझा मजला बघतोय मी इतकी वर्षं! नुसत्या सळया आभाळात! फोटो काढून ठेवतो वेगळे, मग राहतंच काय?"

काय राहतं? त्याला नाही सांगितलं, तुम्हाला सांगतो. तो एक खेळ असतो ना, चौकोन उघडत जायचे, खाली सुरुंग लपलेले... आमची रुझा, म्हणजे बायको, खेळायची तो. मिरच्या भाजायला टाकायच्या आणि मधल्या वेळात एक डाव! सगळ्यात कमी वेळात डाव सुटला की तो नाव विचारतो, आणि ते नाव तिथंच राहतं. तिथं रुझाचं नाव आहे. रुझाला जाऊन दोन वर्षं झाली. थडग्यावरही आहे नाव, नाही असं नाही, पण तिथं ती जिंकलेली नाही ना हो! फार आठवण येते तिची. आता हे कूमला सांगितलं तर तो रडणार, मग मी रडणार, मग बाटली निघणार... काम राहिलं बाजूला!

तर, अपग्रेड. टिहोमिरनं सुरू करून दिलं, वैतागून म्हणाला, "पंखा म्हातारा झालाय याचा, तापेल. खिडकी उघडी ठेव," आणि गेला. मी पाव आणायला बाहेर पडलो, तर बेकरीवाला विचारतो, "काय ठरलं? फॉरमॅट मारायचा की अपग्रेड?" त्याला कुणी सांगितलं?

परत येतो तर काय... खिडकी बंद, कॉम्प्युटरवर लोकरीची शाल, खोलीभर राकियाचा, म्हणजे आमच्याकडे तापात अंगाला चोळतात त्या दारूचा वास, आणि शेजारी सासूबाई! "खिडकी उघडी, दार उघडं! वाऱ्याचा झोत बाधलाय त्याला, बघ कसा तापलाय! घाम येऊ दे." आता झोताबद्दल माझं काही म्हणणं नाही. झोत वाईटच, माझ्या मामाचं तोंड त्यानंच वाकडं झालं. पण कॉम्प्युटरला शाल? हात लावला तर तव्यासारखा! आणि पडदा काळाकुट्ट. कसला फॉरमॅट नि कसलं अपग्रेड...

"आई, रुझाचं नाव होतं हो त्यात."

सासूबाई उठल्या. मग शाल काढली, खिडकी उघडली, दार उघडलं, मानेला रुमाल गुंडाळला आणि ऐन झोतात उभ्या राहिल्या. जन्मात पहिल्यांदा! "लाव परत," म्हणाल्या.

लावलं. फिरतंय, फिरतंय... आणि चढलं! खेळ? आहे. रुझा? आहे! सासूबाईंनी पडद्यासमोर क्रूसाची खूण केली. "चालतो का बघ तरी." म्हणून टाकला एक डाव, नुसता बघायला हो! मला तो खेळ येत नाही, रुझा पोट धरून हसायची मला. मी आपला दिसेल तिथं टिचकी मारतोय, फटाफट उघडतंय... आणि सुटला की डाव! तिच्यापेक्षा कमी वेळात! तिचं नाव गेलं, रिकामी चौकट आली. विचारतोय, नाव?

सासूबाई माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. काय करता? लिहिलं, रुझा.

जन्मात एकदा जिंकलो हो... तेही बायकोच्या नावावर!