लोखंडाचं दातवण

दातांचा विषय निघालाच आहे, तर माझ्या सासूबाईंचं ऐका. निजामाच्या अमलात मी लग्न होऊन अर्धापुरात आले. थोरली लेक पोटात असताना घागर उचलली की मला चक्कर यायची. यांनी घाबरून नांदेडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढून पाहिली. "अंगात रक्तच नाही की गं!" म्हणाल्या, अन् लोहाच्या औषधाची बाटली दिली. "नळीनं पी, नाहीतर दात काळे होतील."

सासूबाईंचं म्हणणं, पोटुशीनं दवा घेतला की लेकरू काळं निपजतं. म्हणून मी कणगीआड लपून, घाईघाईत बाटलीच तोंडाला लावायची. एक दिवस कशाला तरी हसले, अन् सासूबाई माझ्या तोंडाकडं बघतच राहिल्या.

"अगं बया! दातवण लावलंस?" त्यांचा चेहरा खुलला. सवाशिणीनं दात काळे करावेत म्हणून त्या लग्नापासून मागं लागल्या होत्या. "लई झ्याक रंगलंय. मलाबी दे."

बाटली काढावीच लागली. त्यांनी बोट बुडवून दातांवर घासलं अन् थू थू करत अंगणात पळाल्या. "लोखंड चाटल्यागत लागतंय की!"

"लोखंडच हाय, आत्याबाई. रक्त वाढाया डॉक्टरीणबाईनं दिलंय."

माझ्या पांढऱ्याफटक नखांवरून त्यांनी अंगठा फिरवला अन् बाटली माझ्या हातात दिली.

"पी. लेकरू काळं झालं तर होऊ दे, तू जगली पायजे. अन् दात घासू नको, शेजारणीला दाखवायचेत."