जावईबापूंचं पथ्य

मंडळी, ऐका. गावोगाव हेच सांगून घसा बसलाय, तरी सांगतो. माया भरपूर आहे, माहिती काहीच नाही, अशी माया माणसाला तारते की मारते? बोला! सगळ्यांचं लक्ष प्रसादाच्या परातीकडं.

बरं. धोंड्याचा महिना. यमुनाकाकूंनी लेक नलिनी आणि जावई मोरेश्वर यांना जेवायला बोलावलं. मोरेश्वराला मधुमेह. इन्सुलिनची सुई टोचायची आणि लगेच जेवायचं, हे त्याचं रोजचं. पण सासरी सांगायची लाज! नलिनीनं आईला एवढंच सांगितलेलं, यांना गोड देऊ नकोस.

काकू म्हणाल्या, पानं वाढलीत, चला. यानं आत जाऊन सुई घेतली, पाटावर येऊन बसला. आणि मग सुरू झालं! औक्षण राहिलंय. वाणाचं ताट कुठाय? मामेसासरे आले नाहीत, त्यांच्याशिवाय नैवेद्य कसा दाखवायचा? आपल्याकडं पानं वाढली म्हणजे जेवण अजून तासभर लांब, हे तुम्हाला-मला ठाऊक. सुईला कुठं ठाऊक? तिनं आपलं काम केलं. रक्तातली साखर उतरत गेली.

मोरेश्वराला घाम फुटला. हात थरथरायला लागले, जीभ जड झाली. पानातल्या पुरणाच्या धोंड्याला त्यानं हात घातला — काकूंनी मनगट धरलं.

"जावईबापू, पथ्य आहे ना तुम्हाला?"

आणि धोंडा उचलून नेला. मायेनं नेला हो! वाईट त्याचंच वाटतं.

तो एका अंगावर कलला. कुणी वारा घालतंय, कुणी म्हणतंय साखर वाढली. नलिनी स्वयंपाकघरातून धावत आली.

"वाढली नाही, उतरलीय! आई, साखरेचं पाणी आण."

शुद्ध होती, घोट गिळता येत होता, म्हणून वाचला. हळूहळू नजर ठिकाणावर आली. मग त्याला भात भरवला.

काकू भिंतीला टेकून रडत होत्या. माझ्या हातून गेले असते, आधी का नाही सांगितलंस, म्हणाल्या.

"तुला काळजी नको म्हणून."

"काळजी करायची नाही, तर आई कशाला असते गं?"

आता तुमच्याकडं वळतो. इथं सुई घेणारे कोण कोण? हात वर करा. एकही नाही? माना खाली घातलेल्या मला इथून दिसतात. बाबांनो, दमलो मी. बायकोला सांगा, सुनेला सांगा, पारावरच्या दोस्तांना सांगा. घाम फुटला, बरळायला लागलो, तर साखर द्या. शुद्धच गेली, तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. आणि ज्यांना आजार नाही त्यांनो, तुम्ही होऊन विचारा.

नामाचा गजर नंतर करू. आधी शेजारच्याच्या कानात सांगा. मी थांबतो.