गुलाबी गोळी

मला एक सांगा, पंधरा वर्षं मेडिकल चालवून माझं चुकलं कुठं? मागच्या महिन्यात वणीकडचे एक भाऊ दुकानात आले. बाहेर पिकअपमध्ये मेहुणा कण्हत बसलेला.

‘लय ॲसिडिटी झालीय त्याला, गोळी द्या.’

म्हटलं, ‘दुखतंय कुठं?’

‘बेंबीच्या वर. पार पाठीत निघतंय.’

‘उलट्या?’

‘सकाळपासून थांबल्या नाय. पुढं वाकून बसला की जरा बरं वाटतंय.’

‘पितात का?’

भाऊंनी इकडंतिकडं बघितलं. ‘परवा हळद होती.’

अहो, ही ॲसिडिटी नाही, स्वादुपिंडाला सूज असू शकते, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, असं मी तीनदा सांगितलं. तर म्हणतात, ‘मागच्या वेळी त्या गुलाबी गोळीनं थांबलं होतं, तीच द्या ना. गोळ्या विकायच्यात का भाषण करायचंय?’ शेवटी भर दुपारी मी शटर खाली ओढायला लागलो, तेव्हा कुठं गाडी हलली.

स्वादुपिंडच निघालं. चार दिवस आयसीयूत होता, पण मेहुणा वाचला. मला आपलं वाटलं, भाऊ आता नाव काढतील.

काल आले. सोबत शेजारी, पोट धरून उभा. मी तोंड उघडायच्या आत भाऊ त्याच्या कानाशी लागले, तेही मला स्वच्छ ऐकू येईल असं:

‘नुसती गुलाबी गोळी माग. पाठीत निघतंय म्हणून सांगू नको, हा माणूस सरळ ॲडमिट करायला लावतो.’