फायनलचा गुडघा

वर्तकनगरच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारच्या पन्नाशीच्या बाईंच्या मांडीवर एक्स-रेचं पाकीट होतं. दारातून तेवढ्याच वयाची दुसरी आली आणि थबकली.

"सरोज? अगं, आपल्या टीमची कॅप्टन आणि हातात काठी?"

"हेमा! बस गं. दोन्ही गुडघे बदलायचे म्हणतायत."

"मुलींना बास्केटबॉल शिकवतेस ना अजून?"

"गेल्या वर्षी सोडलं. खुर्चीत बसून किती ओरडणार? आता घरचा जिना चढतानाही मध्ये थांबते."

"त्या फायनलचंच दुखणं हे."

"हो. इंजेक्शन घेऊन खेळले. डॉक्टर तेव्हाच नको म्हणालेले."

"तुझ्या जागी मी उतरणार होते. आई-बाबा खडवलीहून आलेले बघायला."

"माहितीये."

"नंतर मला कधी टीममध्ये घेतलंच नाही."

"माहितीये गं. हाफ टाइमला तू बुटांच्या नाड्या बांधून तयार बसलेलीस. मी एकदा बघितलं आणि पुन्हा तुझ्याकडे वळलेच नाही."

"का पण?"

"सोडवेना. कप मलाच उचलायचा होता."

"उचललास की. जिंकलो आपण."

"तू खेळली असतीस तरी जिंकलो असतो. तेव्हाही ठाऊक होतं मला."

मग आतून सरोजबाईंचं नाव पुकारलं.

"बरोबर कोण आलंय तुझ्या?"

"कुणी नाही."

"पाकीट दे इकडे. मी येते आत."