सरांचा पळता घोडा

बदनापूर स्टेशनच्या बाकावर रेणुका चित्रकलेच्या सरांनी शिकवलेला पळता घोडा गिरवत होती. तोच घोडा सर शेजारच्या म्हाताऱ्या मेंढपाळाला मोठ्या कौतुकानं दाखवत होते.

“बाबा, कसा पळतोय?”

“पळून कुठं राह्यलं? पोटावर पडून राह्यलं की ते.”

“अहो, चारी पाय हवेत आहेत! पुढचे पुढं, मागचे मागं.”

“चारी पाय हवेत असले की पोटाखाली गोळा होत्यात, सर. बिऱ्हाडाचं घोडं जल्मभर हाकलं म्या. तुमी कुठं पाह्यलं?”

“वरातीत.”

“वरातीत घोडं कव्हा पळतं?”

रेणुकाची पेन्सिल थांबली.

“हे बघा, परीक्षेत असाच काढला की मार्क मिळतात. बारा वर्षं झाली शिकवतोय!”

“मंग बरं झालं, आमचं घोडं तुमच्याकडं शिकलं न्हाई. पहिल्याच उडीला तोंडावर पडलं असतं.”