दिरांचा कोळी नर की मादी

पालीला घाबरता ना तुम्ही, मग ऐका. आमच्या सिडकोतल्या दोन खोल्यांत दिरांनी टॅरंटुला पाळलाय, म्हणजे मोठा केसाळ कोळी. माझी परी आत्ता कुठं रांगायला लागलीये. मी विचारलं, "भाऊजी, हा जाणार कधी?"

"नर असला तर दोन-चार वर्षांत मरेल, वहिनी. मादी पंधरा-वीस वर्षं जगते. कात टाकली की कळेल."

परवा त्यानं कात टाकली. भाऊजी ती साबणाच्या पाण्यात भिजवून, पसरून भिंगातून बघत बसले. मी परीला घट्ट धरून सप्तशृंगीला नवस बोलले, आई, नर निघू दे.

"मादी आहे, वहिनी."

मी बोटांवर वीस वर्षं मोजायला लागले.

सासूबाई मटार सोलत म्हणाल्या, "बरं झालं. दोघींची लग्नं एकाच मांडवात लावू."